धागा: सामूहिक दुर्घटनेनंतरची ख्रिस्ती प्रार्थना – आराखडा आधीच तयार हवा का?

चराईकर
पावसाळा तोंडावर आला की ठाणे महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, राहण्याजोगी नाहीच. त्या इमारतींतही माणसं राहत असतात. ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळली, ७४ जीव गेले. असं काही घडलं की चर्चकडे दुसऱ्याच दिवशी विचारणा होते, "प्रार्थना कधी ठेवताय?" मग धावपळीत जे सुचेल ते होतं. नावं चुकतात, मिस्सा (ख्रिस्तप्रसादाची कॅथलिक उपासना) चालते का नाही हे कुणाला ठाऊक नसतं, कॉयर वेगळंच गातो, आणि घरचं माणूस गेलेल्यांना वाटतं की हे सगळं आपल्यासाठी नव्हतंच.

आमच्या विभागातल्या छोट्या ख्रिस्ती समूहासाठी दोन पानी आराखडा करायचा आहे. पहिले तीन दिवस, सातवा दिवस आणि महिना, एवढ्यापुरता. मृतांत सगळ्या धर्मांची माणसं असणार हे धरून चाला. कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, मल्याळी चर्चची मंडळी, सगळ्यांनी लिहा.

सेमिनारीपाठी
आधी मिस्साचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली, शव समोर असताना होणारी अंत्यविधीची मिस्सा. हिला जवळपास सगळे दिवस मोकळे. चालत नाही ते सक्तीच्या महासणांना, पवित्र गुरुवारी, त्यापुढच्या पास्काच्या तीन दिवसांत, आणि आगमनकाळ (नाताळाआधीचा), उपवासकाळ (ईस्टरआधीचा) व पुनरुत्थानकाळ (ईस्टरपासूनचा) यांतल्या रविवारी. मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांत क्रमांक ३८० ला हे आहे.

दुसरी, मृत्यूची बातमी कळल्यावर किंवा पहिल्या वर्षदिनी होणारी मृतांसाठीची मिस्सा. हिला बंधनं जास्त. राखेचा बुधवार, पवित्र आठवडा आणि ईस्टरनंतरचे आठ दिवस चालत नाहीत. २०१३ चा ईस्टर ३१ मार्चला होता, म्हणजे ४ एप्रिलचा गुरुवार नेमका त्या आठ दिवसांत येतो. अशा वेळी शव असेल तर अंत्यविधीची मिस्सा होते. नसेल तर त्या दिवसाचीच मिस्सा करायची आणि हेतू, म्हणजे मिस्सा कुणासाठी अर्पण करायची ते, मृतांचा ठेवायचा.

तिसरी, सातव्या दिवसाची आणि महिन्याची. ही सामान्य काळातल्या साध्या वारी होते. महिना रविवारी आला तर रविवारचीच मिस्सा, रविवारचीच वाचनं, फक्त हेतू मृतांचा. त्यात कमीपणा काही नाही. हेतू तोच राहतो, बदलतात ती वाचनं आणि वस्त्राचा रंग.

ऑर्गनवाली
रंगाचं पण लिहून टाका. दर वेळी सॅक्रिस्टीत, म्हणजे फादर वस्त्रं घालतात त्या खोलीत, वाद होतो.

सेमिनारीपाठी
जांभळा, पांढरा, आणि जिथे रिवाज आहे तिथे काळा. आपल्याकडे पांढरा हाच शोकाचा रंग, त्यामुळे मिश्र समुदायात पांढरा सगळ्यांना कळतो.

जुईनगर
गेलेल्यांत हिंदू-मुस्लिम असतील तर त्यांच्यासाठी मिस्सा ठेवता येते का? की फक्त "सर्व मृतांसाठी" असं मोघम म्हणायचं?

सेमिनारीपाठी
ठेवता येते. धर्मगुरूला कुणाही जिवंत किंवा मृत व्यक्तीसाठी मिस्सा अर्पण करता येते, चर्चच्या कायद्यातलं कॅनन ९०१. बाप्तिस्म्याची अट नाही. पण मिस्सा अर्पण करणं वेगळं आणि ख्रिस्ती अंत्यविधी करणं वेगळं. दुसऱ्या धर्मातल्या माणसाचा अंत्यविधी त्याच्या घरचे त्यांच्या रीतीने करतील. आपण मिस्साचा हेतू ठेवायचा, आणि तो जाहीर करण्याआधी घरच्यांना विचारायचं. काहींना बरं वाटतं, काहींना नको असतं. नको म्हणाले तर नाव न घेता प्रार्थना करा, देवाला नाव ठाऊक आहे.

आणखी एक. शव सापडलंच नाही, किंवा ओळख पटायची आहे, तर स्मरणाची मिस्सा करा. पण शवपेटीवर पवित्र पाणी आणि धूप देऊन करतात तो शेवटच्या निरोपाचा विधी त्यात करू नका, तो शवासमोरच असतो. रिकामी पेटी ठेवून किंवा फोटोवर पाणी शिंपडून तो उरकला, तर पुढे डीएनए जुळून शव हाती आल्यावर घरच्यांच्या मनात प्रश्न उभा राहतो की विधी झाला की नाही.

मंडळीतला
आमच्याकडे, म्हणजे प्रॉटेस्टंट मंडळ्यांत, मृतांसाठी मध्यस्थीची प्रार्थना करत नाहीत. गेलेला माणूस देवाच्या हाती आहे, आता प्रार्थना मागे राहिलेल्यांसाठी. एकत्र उपासना ठेवणार असाल तर हा फरक आधीच मान्य करा. नाहीतर एक जण "त्यांच्या आत्म्यास चिरविसावा दे" म्हणतो आणि अर्धी माणसं आमेन म्हणत नाहीत. शोकात बसलेल्या बाईला ते नेमकं ऐकू जातं.

तोडगा साधा आहे. शब्द असे निवडा की दोघांना मनापासून म्हणता येतील. "हे प्रभो, जे गेले त्यांना आम्ही तुझ्या हाती सोपवतो" हे कॅथलिकही म्हणतील, आम्हीही म्हणू. रोजरी (जपमाळेची प्रार्थना) आणि मृतांची मिस्सा पॅरिशमध्ये (स्थानिक कॅथलिक चर्चमध्ये) वेगळी ठेवा.

कोपरीकर
मला हे पटत नाही. प्रत्येकाला चालेल असं करता करता प्रार्थनेतला जीव जातो. ज्यांच्या घरचं माणूस गेलंय त्या कॅथलिक घराला रोजरीचाच आधार असतो, सोसायटीच्या आवारात पाच मिनिटांची सर्वधर्म प्रार्थना त्यांना पुरत नाही.

मंडळीतला
पुरवायचीही नाही. आवारातली प्रार्थना शेजाऱ्यांसाठी, रोजरी घरासाठी. दोन्ही करा, एकात कोंबू नका. मतभेद तेवढाच आहे.

नेरूळ पूर्व
घरी रोजरी ठेवताना: क्रूसावर विश्वासांगीकार, एक 'आमच्या बापा', तीन 'नमो मरिया', मग पाच दशकं. दर दशकाला एक 'आमच्या बापा' आणि दहा 'नमो मरिया'. दशकाच्या शेवटी त्रैक्याच्या गौरवाऐवजी मृतांसाठी चिरविसावा मागणारी ओळ म्हणायचा रिवाज आहे. दुःखाची रहस्यं एरवी मंगळवार-शुक्रवारची, पण शोकाच्या घरी कुठल्याही वारी चालतात. सगळं मिळून वीस ते पंचवीस मिनिटं, लितानी (एकाने म्हणून बाकीच्यांनी उत्तर द्यायची विनवणी) घेतली तर आणखी पाच-सात.

चुकतं कुठे? पुढाकार घेणारा भरभर म्हणतो, मागच्या खोलीतले अर्धं वाक्य मागे पडतात आणि दोन आवाज एकमेकांवर आदळतात. एक दशक एका माणसाने, पुढचं दुसऱ्याने असं आधीच वाटून द्या. घरच्यांना दशक म्हणायचा आग्रह करू नका. त्यांनी नुसतं बसावं. त्यांना जमत नाही तेव्हा त्यांच्या वतीने म्हणायलाच तर आपण गेलेलो असतो.

घणसोली
मल्याळी कुटुंबांचं लक्षात घ्या. नवी मुंबईत ती खूप आहेत. सिरो-मलबारांची (केरळच्या पूर्वेकडच्या रीतीच्या कॅथलिकांची) कल्याण धर्मप्रांत म्हणून १९८८ पासून वेगळी व्यवस्था आहे, म्हणजे ती घरं शेजारच्या लॅटिन (रोमन रीतीच्या) पॅरिशची नसतात. त्यांच्या फादरांना वेगळं कळवावं लागतं. ऑर्थोडॉक्स घरांत ४० वा दिवस मोठा. तुमच्या आराखड्यात ७ आणि ३० आहे, त्यात ४० पण घाला.

चराईकर
घातला. वाचनांचं कुणी सांगेल का? दर वेळी स्तोत्र २३ आणि योहान १४ होतं.

सेमिनारीपाठी
स्तोत्र २३ असू दे, तोंडपाठ असतं म्हणून शोकातल्या माणसालाही साथ देता येते. पण सामूहिक दुर्घटनेच्या पहिल्या आठवड्यात तेवढ्यावर थांबू नका. बायबलमध्ये विलापाला मोठी जागा आहे आणि आपण ती वापरत नाही. स्तोत्र १३ "किती वेळ?" असं देवालाच विचारतं. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळही नाही. ते तसंच वाचा, पुढे घाईने दुसरं सांत्वनाचं वचन जोडू नका. आख्खं शहर उद्ध्वस्त झाल्यावरचा शोक विलापगीतात आहे. पाचातले पहिले चार अध्याय हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने रचलेले आहेत, एकेक अक्षर घेऊन दुःख पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलून टाकायचं. तिसऱ्या अध्यायात ६६ वचनं आहेत, त्यातलं १७ ते २६ एवढंच घेतलं तरी विलाप आणि आशा दोन्ही येतात.

इमारत कोसळण्याच्या संदर्भात सगळ्यात नेमकं वचन लूक १३, १ ते ५. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली होती. ती बाकीच्या यरुशलेमकरांपेक्षा जास्त पापी होती असं समजता का, असा प्रश्न येशू करतो आणि 'नाही' असं स्वतःच स्पष्ट सांगतो. "त्यांच्याच वाट्याला का?" हा प्रश्न घराघरात असतो, त्याला ख्रिस्ताच्या तोंडचं उत्तर आहे. मात्र त्याच उताऱ्यात पश्चात्तापाचा इशाराही आहे. प्रवचन करणाऱ्याने तो मृतांच्या नातेवाइकांवर रोखला तर अनर्थ होईल. इशारा जिवंतांना आहे, आणि त्यात बांधणारे आणि परवानगी देणारेही आले.

पोखरण दोन
स्तोत्रांच्या क्रमांकाची भानगड लक्षात ठेवा. जुन्या कॅथलिक पुस्तिकांत क्रमांक एकाने मागे असतात. "खोल गर्तेतून" हे स्तोत्र आताच्या बायबलमध्ये १३०, जुन्या पुस्तिकेत १२९. वाचकाला नुसता आकडा देऊ नका, पहिली ओळ लिहून द्या. आणि वाचनाचा कागद छापूनच द्या, मोबाइलवरून वाचायला लावू नका. मध्येच फोन येतो.

कोपरीकर
प्रवचन कुणी करावं हा प्रश्न नाही, किती करावं हा आहे. सात मिनिटांवर नको. आणि "देवाची इच्छा होती", "देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात", "मोठ्या दुःखातून मोठी साक्ष घडते" ही तीन वाक्यं कुणीच उच्चारू नयेत. ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर सगळं ठीक होतं. बोलायला लागले आणि बिघडलं.

मंडळीतला
इथे कोपरीकरांशी पूर्ण सहमत. योहान ११ मध्ये लाजराला उठवणार हे येशूला माहीत होतं, तरी तो आधी रडला. पुनरुत्थानावर विश्वास आहे म्हणून रडू नये, असं ज्येष्ठ मंडळी कधी कधी सुचवतात, त्याला शास्त्रात आधार नाही. थेस्सलनीकाच्या पत्रातही आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका असं आहे, शोकच करू नका असं नाही.

नर्स कळवा
दवाखान्यातून आणि शवागारातून काय होतं ते लिहिते, म्हणजे प्रार्थनेच्या वेळा त्याप्रमाणे ठरवता येतील.

अपघाती मृत्यूत शवविच्छेदन होतं आणि पोलिसांचा पंचनामा होतो, त्याआधी शव मिळत नाही. ओळख पटली नसेल तर वेळ लागतो, डीएनए लागलं तर आणखी दिवस. म्हणून "उद्या ४ वाजता अंत्यविधी" असं शव ताब्यात यायच्या आधी जाहीर करू नका. पत्रिका फिरते, माणसं जमतात, शवपेटी येत नाही आणि घरच्यांना दहा-दहा माणसांना उत्तरं द्यावी लागतात. दफनभूमीवर मृत्यूचा दाखला किंवा दवाखान्याचा कागद आणि पोलिसांचं पत्र मागतात. दोन-दोन झेरॉक्स घरातल्या एकाकडे नाही, समूहातल्या एका माणसाकडे ठेवा.

शव फार खराब झालं असेल तर पेटी बंदच ठेवावी लागते. हे घरच्यांना चर्चच्या दारात कळू नये. आदल्या दिवशी एका जबाबदार माणसाने शांतपणे सांगावं आणि पेटीवर ठेवायला फोटो मागून घ्यावा.

आणि शवागाराबाहेर तासन् तास बसणाऱ्यांसाठी प्रार्थना म्हणजे पाणी, बिस्किटं, फोनचा चार्जर आणि कागद धरून उभं राहणारा माणूस. तिथे मोठ्याने गाणी-प्रार्थना नको. बाजूला दुसऱ्या धर्माची माणसंही त्याच दुःखात बसलेली असतात, आणि तो शांतता क्षेत्राचा भाग असतो. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची असेल तर आधी विचारा. पत्रकं तर अजिबात वाटू नका. आधीच कोसळलेल्या माणसाच्या हातात असा कागद देणं हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि एका पत्रकामुळे पुढच्या वेळी कुणालाच आत जाऊ देत नाहीत.

जुईनगर
दहन केलं तर? नवी मुंबईत दफनाला जागा मिळवणं सोपं नाही.

सेमिनारीपाठी
कॅथलिकांना १९६३ पासून दहनाची मुभा आहे. अट एकच, पुनरुत्थानावरचा विश्वास नाकारण्यासाठी ते नसावं. २०१६ च्या रोमच्या सूचनेप्रमाणे अस्थी पवित्र जागी ठेवायच्या, विसर्जन करायचं नाही, घरी ठेवायच्या नाहीत. दफनभूमीतल्या कोनाड्याची चौकशी दहनाच्या आधी करा.

ऑर्गनवाली
संगीताबद्दल. शोकात आवाज खाली जातो. एरवी ज्या स्वरात गाता त्यापेक्षा एक-दोन सूर खाली घ्या, नाहीतर दुसऱ्या ओळीलाच लोक गप्प होतात आणि कॉयर एकटा गात राहतो. ढोलक, ड्रम, ऑर्गनचे तयार ताल बंद. तीन कडवी पुरेत. सगळ्यांना पाठ असलेलीच गाणी घ्या, नवीन गाणं या दिवशी शिकवायचं नसतं. आणि शांततेच्या वेळी मागे हळू वाजवत राहू नका. शांतता म्हणजे शांतता.

नावं वाचतानाही वाजवायचं नाही. नाव ऐकायला आई आलेली असते.

चराईकर
नावांबद्दलच विचारणार होतो. कशी वाचायची?

पोखरण दोन
याला सगळ्यात जास्त वेळ द्या.

यादी अधिकृत यादीवरून घ्या, व्हॉट्सॲपवरून कधीच नाही. मग प्रत्येक घराशी फोनवर बोलून उच्चार विचारा आणि जसा ऐकू येतो तसा देवनागरीत लिहा. इंग्रजी यादीतून वाचलं की 'साठे'चं 'साथे' होतं, मुस्लिम आणि मल्याळी नावांची तर फारच मोडतोड होते. बाईचं नाव पोलिसांच्या कागदावर एक आणि घरात दुसरं असू शकतं, घरचे सांगतील तेच घ्या. क्रम अक्षरानुसार, पहिल्या नावाने. धर्माप्रमाणे गट नकोत, मजल्याप्रमाणे तर नकोतच. नावामागे कै., मर्हूम असं काही लावू नका, सगळ्यांना एकच रीत.

जे बेपत्ता आहेत त्यांची नावं मृतांत वाचायची नाहीत. "ज्यांचा शोध सुरू आहे" असं म्हणून वेगळी वाचा. अधिकृत घोषणेआधी घाई केली तर त्या घरावर तुम्हीच घाव घालता.

मोठा टाइप, १८ पॉइंट, कागदाच्या एकाच बाजूला. एक नाव दोन पानांत तुटता कामा नये. दोन वाचक, आळीपाळीने. दोन नावांमध्ये एक पूर्ण श्वास. साधारण सहा सेकंदांना एक नाव धरलं तर ७४ नावांना साडेसात मिनिटं लागतात. लांब वाटेल, पण कमी करू नका. वाचकाने घरी दोनदा मोठ्याने वाचून यावं, आणि तिसरा माणूस कागदाची प्रत घेऊन शेजारी उभा असावा, कारण वाचकाचा आवाज मध्येच फुटतो.

नर्स कळवा
आगीची दुर्घटना असेल तर मेणबत्त्या आणि धूप दोन्ही टाळा. वाचलेल्या माणसाला धुराचा वास आला की छाती भरते, श्वास लागतो, तो उठून बाहेर जातो. त्या दिवशी फुलं ठेवा, फार तर बॅटरीचे दिवे. इमारत पडली असेल तर फटाके, घंटेचा अचानक मोठा आवाज, खुर्च्या आपटणं सांभाळा.

नेरूळ पूर्व
मेणबत्ती मोर्चा काढणार असाल तर स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवून परवानगी घ्या. ध्वनिक्षेपक रात्री १० नंतर नाही. मेणबत्तीला कागदी कप लावतात, पण वाऱ्यात तो पेटतो. जाड पुठ्ठ्याची चकती बरी, मेणही हातावर गळत नाही. लहान मुलांच्या हाती देऊ नका. पावसात मेणबत्तीच्या भानगडीत पडूच नका.

घणसोली
थोडं अवांतर, पण ठाण्याचं आहे म्हणून. सामूहिक मृत्यूनंतर प्रार्थनेची जागा उभी करणं आपल्याकडे जुनं आहे. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबई-साष्टीतल्या ईस्ट इंडियन (इथल्या मूळच्या मराठी ख्रिस्ती समाजाच्या) गावठाणांत क्रूस उभारले गेले, त्यातले कित्येक अजून उभे आहेत आणि त्यांच्यापुढे लितानी म्हणतात. आणि खुद्द ठाण्यात एप्रिल १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिसच्या संघाचे) मारले गेले, तेव्हा त्यांच्यासोबत आलेल्या जॉर्डन नावाच्या धर्मबंधूने त्यांची शवं सोपाऱ्याला नेऊन पुरली. इथल्या ख्रिस्ती शोकाची सर्वांत जुनी नोंद बहुधा हीच, आणि तिच्यात भाषण नाही, शवं नीट पुरण्याचं काम आहे.

कोपरीकर
क्रूसाचं उदाहरण चांगलं आहे. पण आज मिश्र सोसायटीच्या आवारात क्रूस उभारायचा हट्ट धरू नये. नावांची एक फळी पुरे.

जुईनगर
विश्वासूंच्या प्रार्थनांत, म्हणजे उपासनेतल्या सामूहिक विनंत्यांत, बिल्डरचं काय? राग असतो लोकांना. तो प्रार्थनेत आणायचा की नाही?

मंडळीतला
आणायचा. स्तोत्र १०९ मध्ये शाप आहेत, १३७ चा शेवट वाचवत नाही. देवापुढे राग मांडायला मनाई नाही. पण प्रार्थनेत कुणाचं नाव घेऊ नका, प्रकरण न्यायालयात असतं आणि व्यासपीठ हे निकालाचं ठिकाण नाही. असं म्हणता येईल: "ज्यांच्या लोभामुळे आणि दुर्लक्षामुळे हे घडलं, ते सत्य झाकू न शकोत. त्यांना पश्चात्ताप होवो आणि या घरांना न्याय मिळो." आधी सत्य, मग पश्चात्ताप, मग न्याय. लगेच क्षमेची प्रार्थना नातेवाइकांच्या तोंडी घालू नका. क्षमा त्यांची आहे, ती करायची की नाही, कधी करायची, ते ठरवतील.

सेमिनारीपाठी
एकूण पाच-सहा विनंत्या, प्रत्येक दोन वाक्यांची. मृतांसाठी, जखमींसाठी, बेपत्तांसाठी, बचाव पथक आणि डॉक्टरांसाठी, न्यायासाठी, आणि घर गेलेल्यांसाठी. शेवटची सगळे विसरतात. वाचलेल्यांना त्या रात्री झोपायला छप्पर नसतं.

पोखरण दोन
त्यावरून मदतनिधी. पेटी फिरवून रोख गोळा करू नका. पॅरिशच्या नोंदणीकृत ट्रस्टमार्फत पावती देऊन घ्या, किंवा व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीसारख्या घरोघर जाणाऱ्या संस्थेकडे वळवा. पहिल्या आठवड्यात पैसे भरपूर येतात, तिसऱ्या महिन्यात भाडं भरायला कुणी नसतं. निम्मे पैसे तेव्हासाठी राखून ठेवा, आणि हे पहिल्याच दिवशी जाहीर करा.

चराईकर
सगळ्यांचे मनापासून आभार. आवारातल्या महिन्याच्या प्रार्थनेचा क्रम असा लिहितोय: जमणं आणि दोन मिनिटं शांतता, एक गाणं, स्तोत्र १३, नावं, पुन्हा शांतता, लूक १३ वर पाच मिनिटं, विनंत्या, 'आमच्या बापा' ज्यांना म्हणायचं त्यांनी, दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्यांपैकी कुणाला काही बोलायचं असेल तर वेळ, शेवटचं गाणं. संध्याकाळी ७ ते ७:४०. रोजरी आणि मिस्सा पॅरिशमध्ये वेगळ्या दिवशी.

जुईनगर
७ नको. जुलैत ठाण्यात सूर्यास्त ७:२० च्या आसपास, म्हणजे मगरिबची अजान नेमकी मध्ये येते आणि मुस्लिम शेजाऱ्यांना उठावं लागतं. ६ ला सुरू करा, पावणेसातला मोकळे. शुक्रवारी दुपारी जुम्मा असतो, ती वेळही टाळा. आणि हिंदू घरांच्या दहाव्या-तेराव्याला तुमची कुठलीच प्रार्थना येणार नाही हे बघा.

ऑर्गनवाली
६ ला ऑफिसवाले पोचत नाहीत.

जुईनगर
मग शनिवार-रविवार बघा.

चराईकर
महिन्याच्या आधीचा शनिवार, ६ ते ६:४५. माइक एकच, बॅटरीवरचा. तीन वाचक उद्या ठरवतो, आणि उच्चार विचारायला फोन करणारे दोघे हवेत. ज्यांना मल्याळम किंवा उर्दू येतं त्यांनी इथेच सांगा.

घणसोली
मल्याळम माझ्याकडे.